गोबरगॅसचे जंतू आणि माणसाचे रोग

वर्ध्यालगतच्या दत्तपूरला दोन संस्था दीर्घकाळ शेजारी नांदत आल्या आहेत. एक, विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली सुरू केलेले कुष्ठधाम. दुसरी, देवेंद्रकुमार यांच्या पुढाकाराने १९७६ साली उभे राहिलेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र. पहिलीचा संबंध जंतूपासून होणाऱ्या रोगाशी, तर दुसरीचा, इतर अनेक उद्योगांबरोबरच, जंतूंकडून करवून घ्यावयाच्या कामाशी, म्हणजे शेण व काडीकचरा कुजवून इंधनवायू आणि खत मिळविण्याशी. जंतूंच्या या दोन रूपांमध्ये काही छुपे नाते असेल काय, हा प्रश्न केवळ कल्पनाविलासाचा राहिलेला नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांच्या नियतकालिकांतून तो गंभीरपणे विचारला गेला आहे, आणि अर्धवट ऐकीव रूपात तो गावच्या पारावर पोहोचण्यास वेळ लागणार नाही. म्हणूनच त्यात तथ्य किती व तर्क किती, याची छाननी आताच व्हावयास हवी.

प्रथम वस्तुस्थिती. गोबरगॅसच्या विहिरीत एकच जंतू काम करीत नाही. काही जीव शेणातील जड पदार्थ फोडतात, काही त्यांपासून आम्ले तयार करतात, आणि शेवटी उरलेल्यावर मिथेनकारी जीवांची वसाहत जगते. निघणाऱ्या वायूत साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. हे मिथेनकारी जीव रूढ अर्थाने बॅक्टेरियाही नव्हेत. कार्ल वोझ व जॉर्ज फॉक्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ साली त्यांची वेगळी जात ओळखली, आणि आज त्यांस आर्किया म्हणतात. प्राणवायूत त्यांची वाढ होत नाही. गाईच्या पोटात, भातखाचराच्या चिखलात आणि माणसाच्या आतड्यातही त्यांचे बिऱ्हाड असते.

शंकेचा उगम आहे तो या शेवटच्या गोष्टीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली असे दाखविले की, हिरड्यांच्या जुनाट रोगाने पीडित असलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या दातांलगतच्या खळग्यांत मिथेनकारी आर्किया सापडतात, रोग जितका तीव्र तितके त्यांचे प्रमाण अधिक, आणि उपचारानंतर ते घटते. ज्यांच्या श्वासात मिथेन आढळतो अशांत बद्धकोष्ठाचे प्रमाण अधिक, असेही अनेक ठिकाणी दिसून आले आहे. पण येथे थांबून विचारले पाहिजे की, मिथेनमुळे आतडे मंदावते, की मंदावलेल्या आतड्यात मिथेनकारी जीवांस सवड मिळते? हिरडीचा रोग त्यांनी घडविला, की रोगाने तयार झालेल्या प्राणवायूहीन खळग्यात ते नुसते राहावयास आले? आजवर एकाही आर्कियाने माणसात रोग निर्माण केल्याचे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. शिवाय हिरडीत सापडलेली जात आणि शेणाच्या विहिरीतील जाती यांचे कूळ एक असले तरी त्या जाती एक नव्हेत. चोराच्या आळीत राहणारा प्रत्येक जण चोर नसतो.

तथापि केवळ सिद्ध झाले नाही म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्याचाही आम्हांस अधिकार नाही. याचा धडा वर्ध्याइतका दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यास ठाऊक असणार? कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ साली नॉर्वेत पाहिला. रॉबर्ट कॉख यांनी रोगजंतू ठरविण्यासाठी जी कसोटी घालून दिली, तीत जंतू शरीराबाहेर वाढवून दाखविणे आवश्यक असते. कुष्ठरोगाचा जंतू आजवर प्रयोगशाळेतील कोणत्याही खाद्यावर वाढलेला नाही. कसोटीस उतरला नाही म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष केले असते तर काय झाले असते? याच जिल्ह्यात १९५१ पासून गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची जोड घालून काम केले, आणि पुढे बहुऔषधोपचार देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत आला त्यांत वर्धा होता. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रोग कसा पसरतो याविषयीच्या निराधार तर्कांनी हजारो माणसांना गावकुसाबाहेर घातले. संशय शास्त्राला चालना देतो. तोच संशय निष्कर्ष म्हणून वावरू लागला की माणसांची घरे मोडतात.

जैविक इंधन आणि हा रोग यांची गाठ महाराष्ट्रात फार जुनी आहे, हे कित्येकांस ठाऊक नसेल. मुंबईत माटुंग्यास १८९० साली निराधार कुष्ठरुग्णांसाठी जे आश्रयस्थान निघाले, ते आज ॲकवर्थ रुग्णालय म्हणून ओळखले जाते. तेथील मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू १८९७ च्या सुमारास गोळा करून त्यावर इंजिन चालविण्यात आले. ज्यांच्या सावलीसही लोक भीत, त्यांच्याच मैल्यापासून हे इंधन निघाले होते. कुष्ठरोग मैल्यातून पसरत नाही, तो मुख्यतः दीर्घ सहवासात नाकावाटे पसरतो आणि बहुसंख्य लोकांत त्याला अंगभूत प्रतिकारशक्ती असते, हे ज्ञान तेव्हा कोणास होते?

मैल्यातून पसरतात ते रोग निराळे. आणि आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे, आर्कियापाशी नव्हे. पुण्याजवळच्या देहू गावी वैद्यकीय अधिकारी म्हणून गेलेले डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी पोटाच्या विकारांचे मूळ उघड्यावरच्या शौचात पाहिले. अप्पासाहेब पटवर्धनांच्या सफाईकार्याचा वारसा त्यांनी पुढे चालविला आणि संडास जोडलेल्या गॅस संयंत्राचा, 'मलप्रभा'चा, आयुष्यभर पुरस्कार केला. २०१७ साली त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्यांची दृष्टी डॉक्टरची होती. गॅस हा दुय्यम लाभ, मैला माणसाच्या संपर्कातून दूर करणे हे मुख्य. वर्धा जिल्ह्यासही ही परंपरा परकी नाही. पवनारजवळच्या सुरगावात १९४६ नंतर विनोबा दीर्घकाळ रोज मैलासफाईस जात असत.

परंतु संडास जोडला म्हणजे रोग आपोआप संपला, असे मानणे चुकीचे ठरेल. विहिरीत शेणकाला हवामानानुसार ३० ते ५५ दिवस राहतो. एवढ्या काळात पटकी व विषमज्वराच्या जंतूंची संख्या पुष्कळच घटते. गोल जंतांच्या अंड्यांचे तसे नाही. त्यांचे कवच टणक असते, ती तळाशी बसतात, आणि ३५ अंशांच्या आसपास महिनोन्महिने टिकू शकतात. त्यांना खात्रीने मारावयाचे तर ५० अंशांहून अधिक उष्णता हवी, आणि घरगुती संयंत्रात ती कधीच नसते. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते. निव्वळ गुरांच्या शेणावर चालणाऱ्या संयंत्रास माणसाच्या जंतांचा हा धोका नसतो, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर सापाच्या भीतीने दोरीही फेकली जायची. धोका आहे तो मानवी मैला जोडलेल्या संयंत्राची स्लरी ताजी असतानाच भाजीच्या वाफ्यात वा हळदीच्या सरीत सोडण्यात आणि त्याच चिखलात बायामाणसांनी अनवाणी निंदण करण्यात.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? चूल. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने कुमारप्पांच्या काळात बिनधुराच्या चुलीचा खटाटोप केला तो उगाच नव्हे. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत बायका व लहान मुले पुढे. तऱ्हाट्या आणि गोवऱ्या पेटवून डोळे चोळणाऱ्या गृहिणीला आर्कियाची भीती घालून गॅसपासून परावृत्त करणे, हे संभाव्य धोक्यासाठी सिद्ध धोक्यात ढकलणे होय.

आता हा उद्योग घरगुती विहिरीपुरता राहिलेला नाही. २०१८ साली केंद्राने 'गोबरधन' आणि 'सतत' या योजना आणल्या, आणि २०२५-२६ पासून नळाच्या व वाहनांच्या गॅसमध्ये एक टक्का जैविक गॅस मिसळणे बंधनकारक केले. शेण, मळी, शहरांचा ओला कचरा, हे सारे मोठ्या टाक्यांत जाईल आणि त्यातून गॅसबरोबरच हजारो टन खत शेतात येईल. त्या खतात काय जिवंत आहे, हे विचारणारा कोण?

हे काम करण्यास वर्ध्याइतका योग्य जिल्हा आम्हांस दिसत नाही. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला खेड्यांत जाऊन काम करण्याची सवय आहे. मगनवाडीत ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे, दत्तपूरला विज्ञान केंद्र आहे. जिल्हा परिषदेने या तिघांस एकत्र बसवावे. संडास जोडलेली, न जोडलेली आणि चुलीवरची अशी घरे निवडावीत, संयंत्रात जाणारा व बाहेर पडणारा काला तपासावा, घरातल्या मुलांच्या शौचाची तपासणी करावी. शेतीस वापरावयाच्या सांडपाण्यात लिटरमागे जंताचे एकाहून अधिक अंडे नसावे, असे मान जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ सालीच सुचविले होते. मोजमापाची पट्टी त्यामुळे नव्याने शोधावी लागणार नाही. सूक्ष्मदर्शक, मीठपाणी आणि चिकाटी एवढ्यावर हे काम निभते. एवढी पाहणी चालू असता मिथेनकारी जीवांचीही नोंद कोणी तरुण संशोधकाने घेतली तर फारच उत्तम.

निष्कर्ष हाती येईपर्यंत मैला जोडलेली स्लरी खड्ड्यात काडीकचऱ्याबरोबर काही महिने मुरू द्यावी, मगच शेतात न्यावी, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस ती मुळीच घालू नये. ग्रामसेवकांनी हे संयंत्राच्या अनुदानाच्या अर्जाबरोबरच सांगावे. नमुने घेण्यास मात्र उन्हाळ्याची वाट पाहू नये. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गॅस कमी पडतो, म्हणजेच विहिरीतील जंतूंचे काम मंदावते. जंतांची अंडी जिवंत बाहेर पडण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत अधिक असते, म्हणून पहिली बाटली त्या दिवसांतच भरली जावी.