ताबोरचा प्रकाश आणि आपली प्रतीके

कवितेत 'प्रकाश' हा शब्द आला की आमच्या वर्गांतून एक उत्तर तयारच असते : प्रकाश म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान. समासात पेन्सिलीने एवढे लिहिले की विद्यार्थी पुढच्या ओळीकडे वळायला मोकळा आणि शिक्षकही. हे उत्तर चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते फार लवकर येते, एवढीच आमची तक्रार आहे. परंतु ख्रिस्ती उपासनेतून जन्मलेल्या साहित्याच्या बाबतीत ही घाई महागात पडते. त्या परंपरेत प्रकाश ही आधी कल्पना नसते. तो एक प्रसंग असतो, आणि त्याचे नाते 'कळण्या'पेक्षा 'पालटण्या'शी अधिक जवळचे असते. आम्ही ईश्वरशास्त्राचे अभ्यासक नाही. साहित्याचे वाचक या नात्यानेच हा मुद्दा आम्हांला मांडावासा वाटतो.

मूळ कथा मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना घेऊन डोंगरावर जातो. तेथे त्याचे रूप पालटते. मत्तय सांगतो की त्याचे मुख सूर्यासारखे झाले. मोशे आणि एलिया त्याच्याशी बोलताना दिसतात. पेत्र भांबावून म्हणतो, येथे तीन मंडप उभारू. तेवढ्यात ढग त्यांच्यावर छाया धरतो, वाणी ऐकू येते, शिष्य भयभीत होतात. आणि पाहतात तो समोर एकटा येशू. शुभवर्तमानांत डोंगराचे नाव नाही. परंपरेने तो गालीलातील ताबोर मानला. म्हणून पुढच्या ईश्वरचिंतनात हा 'ताबोरचा प्रकाश' झाला.

या कथेत एक क्रियापद आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबावे असे ते स्थळ आहे. मत्तय आणि मार्क रूप पालटण्यासाठी जे ग्रीक क्रियापद वापरतात, त्यातूनच 'मेटामॉर्फसिस' हा शब्द आलेला आहे. लूक ते टाळतो. त्याच्या मुखाचे स्वरूप वेगळे झाले, एवढेच तो म्हणतो. देवांनी माणसांची झाडे-पशुपक्षी करून टाकल्याच्या कथा त्या काळच्या श्रोत्याच्या कानांत असणार, म्हणून त्याने हा शब्द टाळला असावा, असा तर्क करता येतो. हे क्रियापद नव्या करारात फक्त चार ठिकाणी येते. दोन स्थळे डोंगरावरची. उरलेली दोन पौलाच्या पत्रांतली : एक रोमकरांस, एक करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात. तेथे रूप पालटते ते ख्रिस्ताचे नव्हे, श्रद्धावंतांचे. जे डोंगरावर एकदा घडले तेच सामान्य माणसांत हळूहळू घडावे, असा अर्थ या एका क्रियापदाच्या पुनरुक्तीतून उभा राहतो. मराठीत या सणाला 'रूपांतराचा सण' म्हणतात. परकीय नाटक इथल्या मातीत नव्याने उभे करण्यालाही आपण 'रूपांतर' म्हणतो. भाषांतरात शब्द पालटतात. रूपांतरात सगळे घरदारच पालटावे लागते. हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

प्रकाश हा प्रसंग आहे, या विधानाचा पुरावा ग्रंथांपेक्षा उपासनेत अधिक ठळक सापडतो. दुसऱ्या शतकात जस्टिन हुतात्मा लिहितो की बाप्तिस्म्याला 'प्रकाशन' असे म्हणतात. चौथ्या शतकात जेरुसलेमच्या सिरिलने बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना जी प्रवचने दिली, त्यांत त्यांना 'प्रकाशित होणारे' असेच संबोधले आहे. त्याच्या नावावरील पुढच्या प्रवचनांत विधीचे वर्णन येते. उमेदवार प्रथम पश्चिमेकडे, मावळतीच्या अंधाराकडे तोंड करून उभा राहतो, हात पुढे करून सैतानाचा त्याग उच्चारतो. मग वळून पूर्वेकडे तोंड करतो आणि श्रद्धा उच्चारतो. यात प्रकाशाची व्याख्या कोठेच नाही. आहे ते पाठ फिरवणे आणि वळणे. अर्थ आधी पायांना कळतो, मग डोक्याला.

संध्याकाळच्या प्रार्थनेचेही तसेच. दिवेलागणीला गायचे 'फोस हिलारोन' हे ग्रीक स्तोत्र इतके जुने आहे की चौथ्या शतकात कैसरियाचा बेसिलसुद्धा त्याचा उल्लेख पूर्वापार चालत आलेले म्हणून करतो. तिन्हीसांजेला दिवा लावून हात जोडणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला या स्तोत्राचा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. मावळता सूर्य आणि नुकता लागलेला दिवा यांच्यामधली ती हुरहुर आपल्याही परिचयाची आहे.

या परंपरेचा कळस म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीचे जागरण. कॅथलिक विधीत चर्चमधले दिवे मालवलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात. मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे आकडे कोरतात. म्हणजे हा प्रकाश सर्वकालीन असला तरी तो या वर्षी, येथे, या माणसांत उतरायचा आहे. मेणबत्ती अंधारातून आत नेताना तीनदा थांबतात आणि ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष करतात. त्या एका ज्योतीवरून लोकांच्या हातांतल्या मेणबत्त्या पेटत जातात. त्या वेळी गायच्या 'एक्सुल्तेत' या लॅटिन स्तोत्रात, ज्योत वाटली तरी उणी होत नाही, असा भाव आहे. आणि ज्यांनी मेण केले त्या मधमाश्यांच्या श्रमाचीही आठवण आहे. आकाशीच्या तेजाचे स्तवन करताना माश्यांचे कष्ट न विसरणारे हे स्तोत्र एवढ्यासाठीच आम्हांला थोर वाटते.

आता या विधीच्या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट. मध्ययुगात तो हळूहळू अलीकडे सरकत गेला आणि नंतरची काही शतके शनिवारी सकाळी, भर उजेडात होत राहिला. रात्रीची थोरवी गाणारे स्तोत्र खिडक्यांतून ऊन येत असताना गायले जाई. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी प्रायोगिक परवानगी देऊन तो पुन्हा रात्री आणला, आणि १९५६पासून ते सर्वत्र लागू झाले. या इतिहासात प्रतीकवादी वाचनाची मर्यादा दिसते. प्रकाश म्हणजे अमुक, असा अर्थ एकदा पक्का झाला की खऱ्या अंधाराची गरजच उरत नाही. सकाळी दहालाही मेणबत्ती तोच अर्थ देते! अर्थ शाबूत राहतो आणि प्रसंग निघून जातो. आमच्या वर्गांत कवितेचे जे होते ते याहून फार वेगळे नाही.

हाच वाद चौदाव्या शतकात बायझंटाइन जगात सिद्धांताच्या पातळीवर लढला गेला. ग्रीसमधील आथोस पर्वतावरचे संन्यासी श्वासाच्या लयीत येशूचे नाम घेत मौनप्रार्थना करीत, आणि या प्रार्थनेत आपल्याला ताबोरचाच प्रकाश दिसतो असे म्हणत. दक्षिण इटलीतून आलेल्या बार्लाम या विद्वानाने त्यांची थट्टा केली. यांचा आत्मा बेंबीत आहे, असे तो म्हणे. त्याचा युक्तिवाद मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. ईश्वर अगम्य आहे. म्हणून डोंगरावर दिसलेला प्रकाश निर्मित असला पाहिजे, ईश्वराचे केवळ चिन्ह असला पाहिजे. ग्रेगरी पालामासने उत्तर दिले की ईश्वराचे सत्त्व अगम्यच आहे, पण त्याचे प्रवर्तन आपल्यापर्यंत पोचते आणि तेही ईश्वरच असते. सूर्यबिंबाला हात लावता येत नाही, तरी अंगावर पडलेले ऊन सूर्याचेच. तेव्हा तो प्रकाश अनिर्मित आहे, आणि ज्याच्यावर पडतो त्याला तो आपल्यासारखा करतो. अग्नीत ठेवलेले लोखंड लोखंडच राहते, तरी लाल होते आणि जाळते, हा दृष्टांत ग्रीक धर्मपित्यांचा आवडता आहे. १३४१ ते १३५१ या दशकात कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभांनी पालामासच्या बाजूने कौल दिला. बार्लाम इटलीत परतला आणि पुढे पेट्रार्कला ग्रीक शिकवू लागला.

हा शेवटचा तपशील आम्हांला सूचक वाटतो. पाश्चात्त्य मानव्यविद्यांच्या उंबरठ्यावर हा चिन्हवादी विद्वान उभा आहे, आणि आपण साहित्याचे शिक्षक, बहुतेक नकळत, त्याच्याच घराण्यातले आहोत. बार्लाम मूर्ख नव्हता. प्रकाशाला चिन्ह मानण्यात विनय आहे, सावधपणा आहे. पण चिन्ह उलगडले की संपते. पालामासचा प्रकाश उलगडून संपत नाही, कारण त्याचा प्रश्न 'याचा अर्थ काय?' हा नाही. 'तुझे काय झाले?' हा आहे.

येथे एक आक्षेप यायलाच हवा. प्रकाश नेहमी शुभच असतो काय? रूपांतराचा सण ६ ऑगस्टला येतो. पश्चिमेत तो सर्वत्र पाळावा, असे १४५७ साली पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी ठरवले ते आदल्या वर्षी बेलग्रेडला मिळालेल्या लष्करी विजयाची आठवण म्हणून. आणि १९४५च्या त्याच तारखेला हिरोशिमावर सूर्याहून प्रखर भासणारा एक प्रकाश पडला. त्यानेही माणसांची रूपे पालटली. तीन दिवसांनी नागासाकीत जपानमधील कॅथलिकांची जुनी वस्ती असलेल्या उराकामीतले चर्चही त्यात कोसळले. तेजाचे स्तोत्र गाणाऱ्या कोणाही माणसाला या तारखेकडे डोळेझाक करता येणार नाही.

परंपरेला ही भीती अपरिचित नाही. सैतानही प्रकाशदूताचे सोंग घेतो, असा इशारा पौलाने त्याच करिंथकरांना दिला आहे. चौथ्या शतकातला निसाचा ग्रेगरी मोशेचा प्रवास उलटा सांगतो : आधी जळत्या झुडपाचा प्रकाश, मग ढग, मग अंधार, आणि ईश्वर भेटतो तो त्या अंधारात. मग खरे तेज ओळखावे कशावरून? आमच्या मते उत्तर मूळ कथेच्या शेवटी आहे, आणि तेच आपण बहुधा वाचत नाही. पेत्राचे मंडप उभे राहत नाहीत. सगळे खाली उतरतात. पायथ्याशी फेफऱ्याने पछाडलेला मुलगा, त्याचा गांजलेला बाप आणि त्याला बरे करू न शकलेले बाकीचे शिष्य उभे असतात. राफाएलने आपल्या शेवटच्या चित्रात, १५२०मध्ये मृत्यूने गाठले तेव्हा हाती असलेल्या 'रूपांतर' या चित्रात, वरचा प्रकाश आणि खालची धांदल एकाच चौकटीत रंगवली. तेजाची परीक्षा त्याच्या प्रखरतेवर नसून त्यातून उतरलेला माणूस त्या मुलापाशी कसा वागतो यावर असते. हिरोशिमाच्या प्रकाशाने माणसाचे फक्त शरीर पालटले, नाशासाठी. ताबोरच्या प्रकाशाने पालटलेला माणूस दुसऱ्याच्या दुखण्याजवळ जायला हवा. न गेला तर त्याने प्रकाश पाहिला, एवढेच.

गीतेच्या अकराव्या अध्यायाशी परिचित असलेल्या वाचकाला येथे अर्जुन आठवेल. त्यालाही दिव्य दृष्टी मिळते, सहस्र सूर्यांचे तेज दिसते. दमास्कसचा योहानही म्हणतो की ख्रिस्त पालटला नाही, शिष्यांचे डोळे उघडले. पण अर्जुन ते रूप आवरायला सांगतो, पेत्र तेथेच राहू म्हणतो. एकाला सौम्य रूप हवे, दुसऱ्याला मंडप. दोघांनाही शेवटी आपापल्या रणावर परतावे लागते. साम्य दाखवावे ते असे, फरकासकट. 'सगळे एकच' म्हणून दोन्ही ग्रंथ मिटून ठेवण्यासाठी नव्हे.

मराठीत हा विचार परका नाही. थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले ते चर्चमध्ये श्रोत्यांसमोर म्हणण्यासाठी; आपण त्यातली मराठीची प्रशंसा तेवढी शिकवतो. नारायण वामन टिळक अभ्यासक्रमात फुलामुलांचे कवी म्हणून येतात. त्यांची भजने आजही मराठी चर्चमधून गायली जातात, हे विद्यार्थ्याला सांगितले जातेच असे नाही. वसईत ईस्टरच्या रात्री हा विधी मराठीतून होतो. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा चर्चा झाली ती बहुतांशी त्यांच्या धर्माची. उपासनेने घडलेल्या भाषेची क्वचितच झाली.

आमची मागणी लहान आहे. या साहित्यात 'प्रकाश' आला तर पेन्सिल क्षणभर बाजूला ठेवावी. हा कोणत्या वेळचा प्रकाश आहे, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात आला, आणि त्यानंतर कोण पूर्वीसारखे राहिले नाही, एवढे विचारावे. श्रद्धा असण्याची अट यासाठी नाही. अंधारात थोडा वेळ उभे राहण्याची तयारी मात्र हवी.