स्टेपनी नीट टांगा, मागे कोणीतरी आहे

ट्रिप ठरली की आपण काय बघतो? प्लेलिस्ट, पेट्रोल, फार तर टायरमधली हवा. गाडीच्या पोटाखालची स्टेपनी कोण बघतं?

आपल्या पिंपरीत बनणारी हॅरियर घ्या, नाहीतर अर्टिगा, इनोव्हा. यांची स्टेपनी डिकीत नसते, खाली टांगलेली असते. पाना फिरवला की तारेवरून वर-खाली होते. चिखल, पाणी, गंज, सगळं तिथेच!

कोणी म्हणेल, हल्ली स्टेपनी लागतेच कुठे? खरंय, 2020 च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या कारला ती सक्तीची नाही. पण तुमच्या गाडीखाली ती आहे ना? मग जबाबदारीही आहे.

खरा घोळ पंक्चरनंतर होतो. उशीर झालेला असतो, पंक्चर चाक कसंबसं वर चढवतात आणि निघतात. काळेवाडी फाट्यावरून पुढे गेल्यावर एखाद्या खड्ड्यात ते सुटलं, तर तुम्हाला फक्त आवाज येईल. रात्रपाळी संपवून मागून बाइकवर येणाऱ्याचं काय?

म्हणून सांगतो, पंक्चरवाल्यावर सोडून देऊ नका. तारेच्या टोकाची प्लेट रिमच्या मधल्या भोकात सरळ बसली का बघा. चाक वर घट्ट टेकेपर्यंत पाना फिरवा. मग हाताने हलवून बघा. हललं, तर परत आवळा. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा तपासा. तार झिजली असेल, तर बदलूनच घ्या.

पाच मिनिटं जातील. जाऊ देत की!