शिखरावरचा कर्णा

बऱ्हाणपुरातील एका देवळाच्या विश्वस्तांनी गेल्या चातुर्मासात जुना ध्वनिक्षेपक मोडीत काढून नवा 'डिजिटल' संच बसविला. खर्चाला कोणी नाव ठेविले नाही. देवाचे कार्य होते. परंतु पहिल्याच एकादशीस सभामंडपात बसलेल्या मंडळींना निरूपणाचे एक वाक्य धड ऐकू येईना, आणि दोन गल्ल्यांपलीकडे आजाऱ्याच्या उशाशी मात्र झांजांचा खणखणाट पोहोचला. तक्रार करताच उत्तर मिळाले, "संच डिजिटल आहे, दोष तुमच्या कानांत असेल." या उत्तराचा समाचार घेणे प्राप्त आहे.

'डिजिटल' हा काही सिद्ध मंत्र नव्हे. आवाज ही हवेतील लाट. ध्वनिग्राहक तिची विजेची लाट करतो आणि यंत्र त्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून आकड्यांत टिपून ठेविते. माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपने ऐकतो. त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली की मूळ लाट पुन्हा उभी करता येते, हे गणिताने सिद्ध आहे. सोळा द्विमान अंकांच्या नोंदीत उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. परंतु शेवटच्या पायरीच्या वर जागाच नसते. आवाज त्याहून चढविला की लाटेचा माथा सपाट छाटला जातो आणि जो कर्कशपणा उपजतो तो पुढे धड निस्तरता येत नाही. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर हे यंत्र प्रामाणिक नकलनवीस आहे. मूळ दस्तऐवजच फाटका दिला तर नक्कल फाटकीच निघणार!

आता जाळ्याची गोष्ट. हेच आकडे संगणकाच्या एका तारेवरून पुडके बांधून अनेक क्षेपकांकडे धाडता येतात, आणि प्रत्येकाचा आवाज व विलंब वेगळा ठरविता येतो. निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे परस्परांशी बोलावीत म्हणून २०१३ साली 'एईएस-६७' हे प्रमाणही प्रसिद्ध झाले. विलंब कशाला हवा? वीज क्षणात पोहोचते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. चौतीस मीटरवर बसलेल्या श्रोत्याला जवळच्या क्षेपकातला शब्द आधी आणि पुढच्या क्षेपकातला तोच शब्द दशांश सेकंदाने मागाहून ऐकू येतो. दोन शब्दांची टक्कर होते आणि निरूपणाचा काला होतो. म्हणून जवळच्या क्षेपकाला तेवढा वेळ थांबवावे लागते. आमच्या देवळात ही सोय यंत्रात होती; ती लावणारा कोणी नव्हता.

दुसरा नियम असा की, मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलांनी उतरतो. एकाच कर्ण्याने शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचायचे तर पहिली ओळ बहिरी केली पाहिजे. याउलट लहान लहान क्षेपक श्रोत्याजवळ मंद ठेविले की शब्द स्पष्ट राहतो आणि भिंतीबाहेर फारसा जात नाही. याच बऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास कुंडी भंडारा बांधला गेला: जमिनीखालील बोगद्याने जोडलेल्या विहिरींची ओळ, आणि उतारानेच पाणी गावापर्यंत. त्या कारागिरांनी गावावर पूर सोडला नाही. जिथे पाहिजे तिथे पाहिजे तेवढे पाणी नेले. चारशे वर्षांपूर्वी पाण्याच्या बाबतीत जे येथे कळले, ते आज आवाजाच्या बाबतीत आम्हांस कळू नये?

कायदाही मुग्ध नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या मर्यादेहून १० ने अधिक किंवा एकूण ७५, यांत जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. लेखी परवाना हवा. आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदिस्त सभागृहाबाहेर सामान्यतः बंदी. मध्य प्रदेशात तर कोलाहल नियंत्रणाचा कायदा १९८५ पासून आहे.

यावर ठराविक उत्तर येते, "आधी त्यांचे कर्णे उतरवा." शेजाऱ्याने नियम मोडला हा कोणत्याही न्यायालयात बचाव होत नाही. शिवाय २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकाने इतरांची शांतता भंग करण्याचा हक्क धर्मातून निघत नाही असे ठरविले, ते एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या खटल्यात. न्यायाने आवाज मोजला, पंथ नव्हे.

दुसरे म्हणतात, "देवाचे नाव गावाच्या कानी पडते." पडते ते नाव की नुसता गोंगाट? गोमंतकातील देवळांच्या नगारखान्यात चौघडा वाजे तो ठरल्या वेळी, माणसाच्या हातांनी. हात थकत, आणि त्यामुळे आवाजाला आपोआप मर्यादा असे. यंत्राला थकवा नाही, म्हणून मर्यादा आम्हीच घातली पाहिजे. आज ध्वनिमुद्रित आरती लावून पुजारी मोकळा होतो, टाळ कोनाड्यात धूळ खातात, आणि यालाच आम्ही प्रगती म्हणतो!

विश्वस्तांनी एवढेच करावे: शिखरावरचा कर्णा खाली घ्यावा, सभामंडपात लहान क्षेपक लावावेत, विलंब आणि कमाल मर्यादा जाणत्याकडून बांधून घ्यावी, आणि मग शेवटच्या रांगेत स्वतः बसून कीर्तन ऐकावे. देव बहिरा नाही. ऐकण्याची गरज आहे ती भक्तांना, आणि तीच आज भागत नाही.