यादीत नसलेले

धनत्रयोदशीला दवाखान्यांत धन्वंतरीची पूजा होते. यंदा, २०२१ साली, कित्येक दवाखान्यांवर डॉक्टरांच्या नावाची पाटी तेवढी उरली आहे.

२२ मार्च २०२०ला आपण थाळ्या वाजवल्या. ३ मेला हवाई दलाने रुग्णालयांवर फुलं उधळली. सप्टेंबरात संसदेत प्रश्न आला, कोरोनाने आरोग्य कर्मचारी किती गेले? आरोग्य हा राज्यांचा विषय, केंद्राकडे अशी आकडेवारी नाही, असं लेखी उत्तर मिळालं. (फुलांचं नियोजन मात्र देशभर बिनचूक झालं होतं.) त्यावर संतापून इंडियन मेडिकल असोसिएशनने दिवंगत ३८२ डॉक्टरांची यादीच जाहीर केली.

डॉक्टरांना निदान यादी करणारी संघटना होती. वॉर्डबॉय, मावशी, रुग्णवाहिकेचा चालक, कंत्राटी नर्स यांची मोजदाद कोण करणार? ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. त्या सरकारी भाषेत स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला. यंदा जूनमध्ये त्यासाठी त्यांना संप करावा लागला.

विमा होता, ५० लाखांचा. नवी मुंबईत महापालिकेने खासगी डॉक्टरांना बजावलं होतं, दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. तिथल्या एका डॉक्टरांनी दवाखाना उघडा ठेवला आणि कोरोनाने ते गेले. पत्नीने विमा मागितला. त्यांची सेवा सरकारने कोविडसाठी अधिग्रहित केली नव्हती, म्हणून दावा नाकारला गेला आणि यंदा मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो नकार कायम ठेवला. आमच्या मते, गुन्ह्याची धमकी देताना ज्याचं काम सरकारला आपलं वाटलं, त्याच्या मरणाच्या वेळी ते परकं ठरवणं हा हिशेबातला खोटेपणा आहे.

साथरोग कायदा १८९७चा. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, सावित्रीबाई फुले गेल्या. तोच कायदा २०२०मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, एप्रिलमध्ये त्यात दुरुस्तीही झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद आली, आणि ती हवीच होती. पण मेलेल्यांची नोंद ठेवण्याचं बंधन तेव्हाही कुणावर घातलं गेलं नाही.

म्हणून या अंकाची शेवटची सोळा पानं आम्ही नोंदींसाठी ठेवली आहेत. आलेल्या बहुतेक नोंदी डॉक्टरांच्या आहेत, कारण त्यांच्या घरी पत्र लिहिणारं कुणी आहे. तुमच्या ओळखीत सफाई कामगार, मदतनीस किंवा आशाताई गेली असेल, तर घरच्यांना विचारून नाव, काम आणि शेवटची ड्यूटी कुठे होती ते कळवा. पुढच्या अंकातही पानं राखून ठेवतो.