तळघराची ओल येते कुठून?

बंगल्याच्या तळघरात ओल तीन वाटांनी येते. बाहेरच्या मातीतले पाणी दाबाने आत झिरपते, पायातले पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते, किंवा हवेतली वाफ गार भिंतीवर दव होऊन बसते. डाग वरवर सारखेच दिसतात, उपाय मात्र निराळे. तरीही कारण न शोधता आतून रसायनाचे दोन हात मारण्याची रीत सुटत नाही. पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि मालक-ठेकेदारांचा वाद सुरू होतो.

निदानाला महागडे यंत्र लागत नाही. भिंत फडक्याने पुसून तिच्यावर दीड फूट लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीकडच्या अंगाला आले तर पाणी हवेतले, मागच्या अंगाला आले तर बहुधा भिंतीतले. ऐन मे महिन्यात ओल दिसली तर पावसाला दोष देता येत नाही. तेव्हा भिंतीलगतची जमिनीखालची टाकी, बागेतली आळी आणि सांडपाण्याचे पाइप तपासावेत. टाकीचे आवक-जावक कॉक रात्रभर बंद ठेवून पातळीची खूण पाहिली, तरी बराच उलगडा होतो.

झिरप सर्वांत हट्टी. पुण्याच्या आसपास काळ्या पाषाणात पाणी फटींतून आणि मुरमातून वाहते. खडक फोडून तळघर बांधले आणि भोवती सैल भराव टाकला, की तो खड्डा पावसाळ्यात हौद होतो. 3 मीटर खोल पाण्याचा तळाशी दाब चौरस मीटरला सुमारे 3 टन असतो. आतून दिलेला रंगाचा थर तो भिंतीपासून सोलून काढतो. तळघराला बाहेरून शहाबादी फरशीचे कवच देणारी ‘बॉक्स’ पद्धत पाणी बाहेरच अडवते, म्हणून ती योग्य. पण ती बांधकामातच करायची असते. उभ्या घरात आधी पागोळ्यांचे पाणी लांब न्यावे, भिंतीलगत 50 ला 1 असा बाहेरचा उतार द्यावा, आणि जमेल तिथे पायाजवळ खडीत छिद्रांचा पाइप टाकून पाणी साठवण-खड्ड्यापर्यंत (संप) आणून पंपाने उपसावे. भिंत आणि तळ यांच्या सांध्यातले ग्राउटिंग त्यानंतरचे.

चढत्या ओलीची खूण म्हणजे ठरावीक उंचीपर्यंतचा पट्टा आणि पांढरा लोणा. जुन्या वाड्यांच्या चुन्यातल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, तर ओल कोंडून आणखी वर चढते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

दवाच्या बाबतीत हवा खेळती ठेवण्याचा नेहमीचा सल्ला उलटा पडतो. 30 अंश तापमानाच्या, 80 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे 26 अंश असतो. मातीला टेकलेली भिंत त्याहून गार असली, की जुलैत खिडक्या उघडून आणि एक्झॉस्ट लावून बाहेरचीच वाफ आत ओढली जाते. त्या दिवसांत तळघर बंद ठेवून डीह्युमिडिफायरने आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली आणावी, कपाटे भिंतीपासून हातभर पुढे घ्यावीत. खिडक्या उघडायच्या त्या दिवाळीच्या सुमारास, बाहेरची हवा कोरडी झाल्यावर.