विश्लेषण : बर्मिंगहॅमची कुराणाची पाने पैगंबरांच्याही आधीची? कार्बन चाचणी काय सांगते, काय नाही?

ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात कुराणाची दोन जुनी पाने आहेत. 'कुराणात एका अक्षराचाही बदल झालेला नाही, हे विज्ञानाने सिद्ध केले' आणि 'कुराण पैगंबरांच्या आधीच लिहिले गेले होते' हे दोन्ही दावे याच पानांच्या आधारे केले जातात. एकाच चाचणीतून दोन उलट निष्कर्ष निघत असतील, तर ती चाचणी नेमके काय मोजते, हे आधी समजून घ्यायला हवे.

ही पाने कुठून आली?

इराकमधील मोसुलजवळ जन्मलेले अभ्यासक अल्फोन्स मिंगाना यांनी 1920 च्या दशकात पश्चिम आशियातून हस्तलिखिते जमवली. त्यासाठीचा पैसा चॉकलेट उद्योगातील एडवर्ड कॅडबरी यांनी दिला. त्या संग्रहात ही दोन पाने दुसऱ्याच एका कुराणाच्या पानांबरोबर चुकून बांधली गेली होती. त्यांचे वेगळेपण संशोधक अल्बा फेदेली यांच्या लक्षात आले. पानांवर 18 ते 20 या सुरांचा काही भाग हिजाझी लिपीत आहे. याच हस्तलिखिताची आणखी 16 पाने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असल्याचे अभ्यासक मानतात.

चाचणीत काय आढळले?

ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतील चाचणीचा निकाल जुलै 2015 मध्ये जाहीर झाला. काळ निघाला इ. स. 568 ते 645, शक्यता 95.4 टक्के. पैगंबर मोहम्मद यांचा काळ साधारण 570 ते 632 असा मानला जातो. 568 हे वर्ष त्यांच्या जन्माच्याही आधीचे असल्याने काही जणांनी थेट 'पैगंबरांच्या आधीचे कुराण' असा अर्थ लावला.

मग यात चूक कुठे?

पहिली गोष्ट, चाचणी कातड्याची झाली, शाईची नाही. प्राणी जिवंत असेपर्यंत त्याच्या शरीरात कार्बन-14 ची भर पडत राहते. तो मेल्यावर ही भर थांबते आणि असलेला कार्बन-14 ठरावीक वेगाने घटतो. 5,730 वर्षांत तो निम्मा होतो. म्हणजे चाचणी सांगते ती शेळी किंवा मेंढी साधारण कधी मेली ते. त्या कातड्यावर मजकूर कधी लिहिला, हे ती सांगत नाही.

दुसरी गोष्ट, 568 ते 645 हा पट्टा आहे, तारीख नव्हे. त्याचे पहिले टोक उचलून 'कुराण 568 चे' म्हणणे जितके चूक, तितकेच शेवटचे टोक उचलून '645 चेच' म्हणणेही चूक.

तिसरी गोष्ट, प्रयोगशाळांचे निकाल नेहमी जुळतातच असे नाही. येमेनची राजधानी सना येथील मोठ्या मशिदीत 1972 मध्ये जुन्या हस्तलिखितांचा साठा सापडला. त्यातील एका पानाचा काळ 578 ते 669 असा निघाला. दुसऱ्या प्रयोगशाळेत मात्र त्याच साठ्यातील काही नमुने कितीतरी आधीचे ठरले. त्यामुळे एकाच आकड्यावर इमारत उभी करायला अभ्यासक कचरतात.

अभ्यासक आणखी काय पाहतात?

अक्षरांचे वळण, शब्द लिहिण्याची पद्धत, आयतींच्या शेवटच्या खुणा, दोन सुरांमधली रेघ अशा गोष्टी पाहतात. बर्मिंगहॅमच्या पानांवर अशा खुणा आहेत. त्यामुळे लेखन कातड्यापेक्षा काहीसे नंतरचे असावे, असे काहींचे मत आहे. कातडे पुसून पुन्हा वापरले असेल, तर खालचा मजकूर अतिनील प्रकाशात दिसू शकतो. सना येथील एका हस्तलिखितात असा खालचा थर मिळाला. त्यात काही शब्द आणि सुरांचा क्रम आजच्या प्रतीपेक्षा वेगळा आहे.

यानंतर येते प्रतींची तुलना. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढताना देशभरातील हस्तलिखितांचे पाठ असेच ताडून पाहिले होते. जर्मनीत 2007 पासून सुरू असलेला 'कॉर्पस कोरानिकुम' प्रकल्प कुराणाच्या जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रे आणि पाठभेद एकत्र आणतो.

मग नेमके काय सिद्ध झाले?

ही पाने कुराणाच्या उपलब्ध हस्तलिखितांपैकी सर्वांत जुन्यांत मोडतात. त्यांवरील मजकूर, शब्दलेखनातले फरक सोडले तर, आजच्या कुराणाशी जुळतो. कुराण पैगंबरांनंतर शे-दोनशे वर्षांनी आकाराला आले, हे काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी मांडलेले मत अशा पुराव्यांपुढे टिकवणे अवघड झाले आहे. पण दोन पाने म्हणजे संपूर्ण ग्रंथ नव्हे. ग्रंथ ईश्वरी आहे की नाही, हा प्रश्न तर कोणत्याच प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

म्हणून असा मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. चाचणी कशाची झाली? निकालाचा पट्टा किती वर्षांचा आहे? आणि लिपी, खुणा, इतर प्रती त्याला दुजोरा देतात का? तिन्हींची उत्तरे मेसेजमध्ये नसतील, तर तो संशोधन सांगत नसून केवळ एक बाजू सांगतो आहे.