जमाखर्च कोणत्या तारखेला जुळवायचा?

अरनॉल्ड श्वार्झनेगर आपल्याला माहीत आहे तो सिनेमातला. पण हाच माणूस कॅलिफोर्निया राज्याचा गव्हर्नर होता, आणि त्याच्या पुढाकाराने २ मार्च २००४ रोजी तिथल्या मतदारांना एक प्रश्न विचारला गेला : राज्याचा अर्थसंकल्प तुटीचा मंजूर करायचा नाही, हे राज्यघटनेतच लिहावे का? हा प्रस्ताव क्रमांक ५८. सुमारे ७१ टक्के लोकांनी होकार दिला. आपल्याकडे वित्तीय शिस्तीचा कायदा २००३ साली झाला, पण तो संसदेने केला. तिथे थेट मतदारालाच विचारले, म्हणून मला हा विषय घ्यावासा वाटला.

गंमत म्हणजे त्याच दिवशी प्रस्ताव ५७ वरही मतदान होते. जुनी देणी भागवण्यासाठी १५ अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढायचे. दोन्ही मंजूर झाले तरच दोन्ही लागू होणार होते. म्हणजे ‘यापुढे तूट भरायला उधारी नाही’ ही शपथ घेण्याआधी एक भलीमोठी उधारी! काही जण याला ढोंग म्हणतील. मी म्हणणार नाही. आधीचे देणे कुठूनतरी द्यावेच लागते.

माझा आक्षेप वेगळा आहे. हा नियम अर्थसंकल्प मंजूर होतो त्या दिवसापुरता आहे. वर्ष संपताना जमा आणि खर्च खरोखर जुळलेच पाहिजेत, असे तो म्हणत नाही. मध्येच पैसा कमी पडला तर गव्हर्नर आणीबाणी जाहीर करू शकतो, आणि ४५ दिवसांत आमदारांनी उपाय केला नाही तर त्यांना दुसरे कुठलेही विधेयक मंजूर करता येत नाही, घरीही जाता येत नाही. (हे कलम मात्र मला फार आवडले.)

मग मंदी आली. जुलै २००९ मध्ये राज्याने अनेकांना पैशांऐवजी ‘नंतर देऊ’ अशा चिठ्ठ्या दिल्या. सरकारी कर्मचाऱ्यांना महिन्यातून दोन आणि पुढे तीन दिवस बिनपगारी घरी बसवले. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने ३२ टक्के फीवाढ मंजूर केली. आणि एक युक्ती तर अशी, की वाचून मी हसलो. तिथले आर्थिक वर्ष ३० जूनला संपते. म्हणून ३० जून २०१० चा पगार १ जुलैला द्यायचे ठरले. एका महिन्याचा पगार त्या वर्षाच्या वहीतून गायब! वाचला एक पैसाही नाही. किट इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री कोणाचे मोजे कोणाच्या कपाटात जातात, हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

प्रस्ताव ५८ मधला खरा कामाचा भाग होता बचतीचा. दरवर्षी उत्पन्नातला वाटा बाजूला टाकायचा, पहिल्या वर्षी १ टक्का, मग २, मग ३. पण गव्हर्नरला एका आदेशाने ही बचत थांबवता येत होती. दोन वर्षे पैसे टाकले, नंतर थांबवले. संकटाच्या वेळी पेटी जवळजवळ रिकामीच होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रस्ताव २ मंजूर करून मतदारांनीच हे सुधारले : शेअर बाजार तेजीत असताना येणाऱ्या जादा करातला वाटाही पेटीत गेला पाहिजे, आणि एकट्या गव्हर्नरला ते थांबवता येणार नाही. म्हणजे दहा वर्षे गेली.

आमच्या हाऊसमध्ये एकाचे म्हणणे पडले की आपल्या राज्यांतही असे मतदान हवे. आपल्या घटनेत तशी सोय नाही, पण उद्या झालीच तर मी आधी बचतीची ओळ शोधेन. ती नसेल तर ‘तूट नको’ हे शब्द कितीही मोठ्या अक्षरांत असोत, मी ‘नाही’वर शिक्का मारीन. कारण पेटी रिकामी असताना हिशेब जुळवायचा म्हटले की तो कॉलेजच्या फीमधूनच जुळवला जातो, आणि तीन वर्षांनी ती फी भरणारे आपण असू.